माझं नाव परत पाठव

नुकुआलोफा
१२ मार्च १९८६

प्रिय लोसाताई,

हे तुम्हाला चौथं पत्र. पहिलं हरवलं असेल म्हणून दुसरं लिहिलं, दुसरं बोटीवर भिजलं असेल म्हणून तिसरं लिहिलं. आता हे तुमच्या शेजारच्या अतेलाइतेच्या नावावर पाठवतो आहे, म्हणजे ती ते तुमच्या हातात देईल. वाटेत उघडून वाचेलही, तर वाचो बापडी.

या वेळी माझं काम सरकारी आहे, तेव्हा उत्तर न देण्याची सोय नाही. शाळांसाठी इंग्रजी शब्दांचा टोंगन कोश तयार होतो आहे. समितीचे अध्यक्ष म्हातारे पाद्री कालिओपासी. त्यांनी अक्षरं वाटून दिली आणि माझ्या वाट्याला डब्ल्यू आला. पाणी, लाट, वारा, बायको इथपर्यंत ठीक चाललं होतं. आता 'विथड्रॉ'पाशी तीन आठवडे अडकून पडलो आहे. इंग्रजांनी या एका शब्दाच्या मागे रिट्रीट, रिट्रॅक्ट, रिकॉल अशी रांग उभी केली आहे, आणि पाद्रीसाहेबांना प्रत्येकासाठी आपल्या भाषेतला वेगळा शब्द हवा, शिवाय खरी माणसं बोलतात तसं एकेक वाक्य हवं. इथे शहरात कोणाला विचारावं तर तो बँकेतून काढतात ते, एवढंच सांगतो. नीट भाषा उरली आहे ती तुमच्या हाआनोतल्या विणणाऱ्या बायकांच्या तोंडी. तेव्हा मागे घेणे, मागे हटणे, काढून घेणे, जे काही सुचेल ते वाक्यांसकट लिहून पाठवा.

दुसरं, माझ्या पोरीचं, तुमच्या नावाच्या लोसाचं लग्न ठरलं आहे. २८ जून, शनिवार. मुलगा मोसेसे, टपाल खात्यात आहे, सरळ आहे, गातो चांगला. आत्याच्या जागेवर तुम्ही बसायचं हे काय मी सांगायला हवं? पण आता सांगतो, कारण मागच्या जुलैत लोसाच्या एकविसाव्या वाढदिवसाला वाऱ्यामुळे बोट रद्द झाली आणि तुम्हाला येता आलं नाही. आम्हा सगळ्यांना फार हळहळ वाटली. तेव्हापासून तुम्ही गप्प आहात. आपण बहीणभाऊ समोरासमोर कामापुरतं बोलतो, तेही तिसऱ्याच्या तोंडून, हे खरं. पण कागदाला तर कोणी मनाई केलेली नाही ना?

बोट गुरुवारी परत निघते. तिच्यावर उत्तर ठेवा.

आपला,
फोटू


हाआनो
२ एप्रिल १९८६

फोटू,

सरकारी कामाला उत्तर देते. बाकीच्याला नाही.

पाणी मागे हटतं. ओहोटीला हटतं, ठरलेल्या वेळी हटतं आणि सहा तासांत परत येतं. माणसांच्या बाबतीत हा शब्द वापरू नये, असं कंसात लिही.

हात आखडता घेणे. 'शिवणयंत्र पाठवतो म्हणून ख्रिसमसच्या जेवणात सगळ्यांदेखत सांगणाऱ्या भावाने पुढे हात आखडता घेतला.' हे वाक्य खऱ्या माणसांनी बोललेलं आहे. मी आणि अतेलाइते दोघी बोललो.

काढता पाय घेणे. 'लहानपणी नारळ फोडायची वेळ आली की फोटू काढता पाय घ्यायचा.' नाव बदलायचं तर बदल, पण मग ते वाक्य खरं राहणार नाही.

शब्द मागे घेणे हे वेगळं आणि शब्द फिरवणे हे वेगळं. मागे घेणाऱ्याला निदान लाज वाटलेली असते. फिरवणारा दात काढून हसतो. तुझ्या पाद्रीसाहेबांना हा फरक समजावून सांग, त्यांना देवळात उपयोगी पडेल.

अंग काढून घेणे. आमच्या विणकामाच्या मंडळात बारा जणी आहेत. केवड्याच्या पाती कापून, उकळून, समुद्रात भिजत घालायच्या, मग वाळवायच्या, मग चिरायच्या. पाती समुद्रात पडल्या की काही जणींची कंबर दुखू लागते. त्याला अंग काढून घेणे म्हणतात.

पाठ फिरवणे, मागे सरणे, आवरतं घेणे, ही घे, फुकट. यांची वाक्यं तूच कर, मास्तर आहेस ना.

आता शेवटचं. दिलेलं परत घेणे. तुझी पोर जन्मली तेव्हा मी पाळण्याशी बसून तिला माझं नाव दिलं. आत्याने दिलं की ते लागतं, म्हणून दिलं. ते मला परत हवं आहे. माझं नाव परत पाठव. लग्नाला मी येणार नाही.

लोसालीने


नुकुआलोफा
१८ एप्रिल १९८६

प्रिय लोसाताई,

तुमचं पत्र मी शाळेतून आल्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसलो. नाव परत पाठव म्हणजे काय? कशात बांधून पाठवू? टोपलीत? ते पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर आहे, बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, पुढच्या महिन्यापासून देवळात लग्नाच्या घोषणेत वाचलं जाणार आहे. एकवीस वर्षं वापरलेलं नाव आहे ते!

आणि या पत्राने घरात जी आग लावली ती तुम्हाला तिकडे बसून कशी कळणार? पत्र मी टेबलावर ठेवलं, ही माझी चूक. लोसाने वाचलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आत्याला नाव परत हवंय तर देऊन टाका. पण बिननावाची मी लग्नाला उभी राहणार नाही." तेव्हापासून तिला लोसा म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. तिची आई तिला 'अगं ए' म्हणते. मोसेसे बिचारा रोज संध्याकाळी येतो, ओट्यावर बसतो, तिला काय म्हणावं हे न सुचून घसा खाकरतो आणि जातो. हट्ट कोणाचा घेतला आहे हे मी सांगायला नको.

शब्दांची तऱ्हा तर त्याहून न्यारी. मी तुमच्या वाक्यांतली नावं बदलायच्या आत पाद्रीसाहेबांनी कागद उचलून ती समितीपुढे मोठ्याने वाचली. नारळाच्या वाक्याला सगळे हसले. शिवणयंत्राला थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. पाद्रीसाहेब म्हणाले, "मास्तर, वाक्यं जिवंत आहेत हो. बाई कोण?" मी म्हणालो, गावाकडची एक विणकरीण. समोरून सगळे खोकले.

मला एकदा सांगून टाका तुमचं बिनसलं कुठे. शिवणयंत्र का? ते ऑकलंडहून येताना फुटलं, मी लिहिलं होतं. मोसेसेचं देऊळ वेगळं म्हणून का? लग्नानंतर तो आपल्या देवळात यायला तयार आहे. माझ्या बायकोने काही म्हटलं का? ती म्हणते तिने गेल्या वर्षभरात तुमच्याबद्दल चांगलंच म्हटलं आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. आईच्या थडग्यावर शिंपले घालायला मी आलो नाही म्हणून का? मी अंधारात दगड मारत बसलोय, ताई. एक तरी लागला का, तेवढं तरी सांगा.

तुम्ही आला नाहीत तर पुन्हा आपल्या धाकट्या सिसिलियाला बसवावं लागेल. वाढदिवसालाही तेच करावं लागलं. आदल्या सकाळी रेडिओवर सांगितलं, हाआपाईची, म्हणजे तुमच्या बेटांकडची बोट रद्द. कार्याच्या दिवशी पाहुणे आलेले, डुकरं भट्टीतून निघालेली, आत्याची जागा रिकामी. रिकामी जागा ठेवून भाषणं कशी सुरू करणार? सिसिलिया धाकटी असली तरी आत्याच आहे. तिने आत्याच्या मानाची चटई घेतली, केकचा वरचा थर घेतला, आणि कार्य निभावलं. पण लग्नाला धाकटी आणि थोरली घरी, असं झालं तर लोक मला विचारतील, आणि मी काय सांगू?

अजून दोन अर्थ बाकी आहेत. एखाद्या जागेवरून निघून जाणे, आणि स्पर्धेतून वगैरे माघार. वाक्यं माझ्यावर नसावीत अशी विनंती.

फोटू


हाआनो
९ मे १९८६

फोटू,

बाकी राहिलेले अर्थ घे.

एखाद्या जागेवरून निघून जाणे. 'मांडवाच्या दारात पोचलेली बाई मागे फिरली, कारण तिच्या जागेवर तिची धाकटी बहीण बसली होती आणि तिच्या मांडीवर केकचा वरचा थर होता.'

हे वाक्य समितीत वाचू नकोस.

रेडिओवर सांगितलं म्हणे! रेडिओ तुझा कोण लागतो? तुझी बोट रद्द झाली, खोबरं नेणारी बोट झाली नव्हती. शुक्रवारी दुपारी मी तिच्यावर चढले. पोत्यांवर बसून आले. रात्रभर उलट्या, कपड्यांना खोबऱ्याचा वास, आणि मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चटई. अकरा महिने विणली होती ती. इतक्या बारीक पातीची की अतेलाइते म्हणाली होती, डोळे जातील तुझे. ती लोसासाठी होती. आत्या घेते तशी देतेही, हे तुझ्या रेडिओला माहीत नसेल.

धक्क्यावरून चालत आले. चपला चिखलाने भरलेल्या. दारात उभी राहिले तर सिसिलिया बसलेली, आणि तिचं तोंड असं काही उजळलेलं की बस. शेंडेफळ ती, तिला जन्मात कोणी वर बसवलं नव्हतं. मी आत पाऊल टाकलं असतं तर तिला दोनशे माणसांदेखत उठावं लागलं असतं. केक खाली ठेवून, चटई मागे सारून, उठावं लागलं असतं. म्हणून मागे फिरले. तेव्हा वाटलं, शहाणपणा केला.

शनिवारी परतीची बोट नाही, रविवारी तर पानही हलत नाही. बाजारामागे आपल्या गावची एक बाई राहते, तिच्याकडे दोन रात्री काढल्या. दाढ दुखतेय म्हणून सांगितलं, म्हणजे बोलायला नको. रविवारी तिच्या देवळात सगळ्यात मागच्या बाकावर बसले. सोमवारी परत पोती.

आता तू म्हणशील, आधी का नाही लिहिलं? मी का लिहायचं? धक्क्यावर एक माणूस उभा करायला काय लागतं? 'बोट रद्द झाली, पण लोसाताई आहे ती, पोहतही येईल' असं तुम्हा एवढ्यांपैकी एकालाही वाटू नये? मी तुझ्या सगळ्या कार्यांना आले. तुझ्या लग्नाला मी गरोदर होते तरी आले. दहा महिने मी वाट बघतेय की कोणीतरी विचारेल, ताई, त्या दिवशी तू निघाली तर नव्हतीस? आणि तू मला विचारतोस काय, तर शिवणयंत्र!

सिसिलियाला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलंस तर मला भाऊ नाही असं मी समजेन. तिने ती जागा मागितली नव्हती.

माघारीला वाक्य नाही. सुचलं नाही.

लोसालीने


नुकुआलोफा
२३ मे १९८६

प्रिय लोसाताई,

या पत्राचे तीन कागद फाडले. पहिल्यात मी लिहिलं होतं की मला धक्का बसला, मला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्यातही तेच, जरा सुंदर शब्दांत. तिसऱ्यात रेडिओवाल्यांना शिव्या दिल्या. हा चौथा.

मला माहीत होतं.

भाषण चालू होतं. मी मांडवाच्या मधोमध उभा होतो, हातात कागद. आमचे मुख्याध्यापक पुढे, पाद्रीसाहेब त्यांच्या शेजारी. मी वर पाहिलं आणि दारात तुम्ही दिसलात. काखेत गुंडाळी होती. केस सुटलेले होते. तुम्ही सिसिलियाकडे बघत होतात, मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी मान खाली घातली.

भावाने बहिणीसमोर मान खाली घालावी, ही आपली रीत. दहा वर्षांचा झाल्यावर मला बाहेरच्या झोपडीत झोपायला पाठवलं तेव्हापासून मी ती पाळत आलोय. कोणी पाहिलं असतं तर म्हणाले असते, बघा, मास्तर शहरात राहिला तरी वळण सुटलं नाही. मी कागदावरच्या दोन ओळी वाचल्या. मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐका, म्हणजे तुमचा भाऊ कोश करायला का लायक आहे ते कळेल. म्हटलं, त्या पाय धुवायला गेल्या असतील. मग म्हटलं, बायकांच्या बाजूने आत आल्या असतील. मग म्हटलं, ती दुसरीच कोणी बाई असेल, बोट तर रद्द आहे. संध्याकाळपर्यंत मी या शेवटच्या वाक्यावर पक्का झालो होतो. रविवारी देवळानंतर धक्क्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत मुख्याध्यापक भेटले, त्यांनी कार्याची तारीफ केली, आणि मी त्यांच्याबरोबर परत फिरलो. सोमवारी शाळा होती.

तुम्ही मागे फिरलात ते सिसिलियासाठी. मी मान खाली घातली ती कोणासाठी, हे मी दहा महिने स्वतःला विचारू दिलं नाही. तुम्हाला पत्रावर पत्र लिहून 'बोट रद्द झाली' हे मी तुम्हाला सांगत नव्हतो, मला सांगत होतो. आणि वर तुमच्याच रागाचं कोडं तुमच्यापुढे टाकून वैतागत होतो. चोराच्या उलट्या बोंबा याहून काय वेगळ्या असतात?

लोसाला मी काल हे सगळं सांगितलं, सिसिलियाला कळू द्यायचं नाही हे बजावून. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आणि तुम्ही मागे धावला नाहीत?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. लग्नपत्रिका छापून आल्या त्या तिने गाठोडं न सोडताच पलंगाखाली ढकलल्या. म्हणते, आत्या बसणार नसेल तर लग्न नाही, आणि या वेळी ते मोसेसेलाही सांगून मोकळी झाली आहे.

१२ जूनच्या गुरुवारी मी येतो आहे. इफीच्या झाडाच्या पानांची माळ घालून आणि कमरेला फाटकी चटई बांधून तुमच्या अंगणात बसेन, आपल्याकडे गुन्हेगार बसतो तसा. उठवायचं की नाही ते तुमच्यावर.

फोटू


हाआनो
४ जून १९८६

फोटू,

येऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी विणायला बसले आणि पाच वेळा उसवलं. दहा महिने मी समजत होते की तुला दिसलेच नाही. त्याचा राग येत होता, पण तो राग घेऊन जेवता येत होतं, झोपता येत होतं. 'माझा भाऊ वेंधळा आहे' हे मला जन्मापासून माहीत आहे. आता म्हणतोस दिसले. हे सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं? खरं बोलायची हौस तुला नेमकी आताच का आली?

आणि येऊन बसणार म्हणे! गावात काय तमाशा होईल याचा विचार केलास का? राजधानीचा मास्तर, गळ्यात पानं, म्हणजे शेजारच्या गावातून पोरंबाळं घेऊन लोक येतील. बघ्यांना नारळपाणी मलाच द्यावं लागेल. शिवाय गुन्हेगार बसला की घरच्याने बाहेर येऊन माळ काढावी लागते, नाहीतर ते घर दगडाचं म्हणतात. म्हणजे तू बसणार आणि कात्रीत मी सापडणार. अपराध तुझा आणि गुडघे माझे दुखणार, हा कुठला न्याय?

येऊ नकोस. आलास तर मी दार उघडणार नाही.

लोसालीने


हाआनो
१२ जून, सकाळी

फोटू,

तुला येऊ नकोस लिहिलं होतं. वाचता येतं ना?

चिठ्ठी अतेलाइतेच्या हाती पाठवते आहे. तिला सांग, उघडून वाचायची असेल तर निदान कुंपणाआड जाऊन वाच, माझ्यासमोर नको.

लो.


तुमचं अंगण
सकाळी

ताई,

वाचता येतं, पण तुमचं पत्र येण्याआधीच मी घरून निघालो होतो असं समजा. तसं खरं नाही. पत्र मंगळवारी मिळालं.

कोशाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितो आहे, दुसरा कागद आणला नाही. पलीकडे काय छापलंय त्याकडे दुर्लक्ष करा.

फोटू


दुपार

फोटू,

तीन तास झाले. कुंपणाला माणसं लागली आहेत, दोन जण तर झाडावर चढलेत. उन्हात बसून घेरी आली तर इथे डॉक्टर नाही. आणि ते डुक्कर तुझ्या माळेची पानं खातंय, त्याला हाकल आधी.

लो.


दुपार

ताई,

माळ घातलेल्याने जागचं हलू नये म्हणतात, म्हणून हाकलता येत नाही. मागच्या बाजूची सगळी पानं खाऊन झाली. पुढची चार उरलीत. तुमचं डुक्कर आहे का हे?

अतेलाइते म्हणते आत तुम्ही भांडी आपटताय. जेवून घ्या.

फोटू


दुपार

हो, माझंच आहे. माझ्या घरात तेवढंच एक माझ्या बाजूचं आहे.

मी जेवणार नाही. एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे, आणि सुंदर शब्दांत देऊ नकोस. त्या दिवशी मान खाली घातलीस ती मी दिसले म्हणून, की मी दिसू नये म्हणून?


दुपार

दिसू नये म्हणून.

तुम्ही आत आलात तर सिसिलियाला उठवावं लागेल, मुख्याध्यापक बघतील, माझं कार्य फिसकटेल, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही कशा आलात, हे डोक्यात आलंच नाही. चिखल मी पाहिला होता, ताई. तरी आलं नाही.


दुपार सरताना

फोटू,

अतेलाइतेला अर्धा तास बसवून ठेवलंय. दोन चिठ्ठ्या लिहून चुलीत घातल्या. तिसरी ही, आणि हिच्यातही मी तुला माफ केलंय असं काही लिहिलेलं नाही, उगीच शोधत बसू नकोस. ते मला अजून जमलेलं नाही. कधी जमेल तेही माहीत नाही.

पण तुझ्या पोरीला सांग की पत्रिका पलंगाखालून काढ. एकवीस वर्षं दुसरीने वापरलेलं नाव मी परत घेऊन काय करू? ते आता तिच्याच मापाचं झालंय. मी येते आहे. ती चटई पेटीतून काढून वाऱ्यावर टाकली आहे, वास गेला की बांधते. सिसिलियाला माझ्या शेजारी बसवायचं, खालच्या रांगेत नाही. आणि या वेळी बोट असो नसो, धक्क्यावर तू स्वतः उभं राहायचंस. रेडिओ काय वाटेल ते सांगू दे.

आता मी माळ काढायला बाहेर येते. गुडघे धरलेत, तेव्हा दारापासून तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल, आणि सगळं गाव बघत असेल. लोक म्हणतील, मास्तरला वळण नाही. म्हणू देत. मी दारात दिसले की मान खाली घालू नकोस. मी तुझ्यापाशी पोचेपर्यंत माझ्याकडे बघत राहा.

लोसा